धनी जागेवर हवा

धंदा करावा तो व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्यानेच. शेतीवर आणि महिन्याच्या पगारावर वाढलेल्या आपल्यासारख्यांचे ते काम नव्हे, ही समजूत आमच्या खेड्यांतून अद्याप पुरती नाहीशी झालेली नाही. घरातला मुलगा चार माग टाकतो म्हणाला, किंवा सून केळीचे वेफर तळून बाजारात पाठवू लागली, की वडीलधारी मंडळी प्रथम भांडवलाची चौकशी करतात. पैसा कोठून आणणार, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु चार माणसांना कामाला लावण्याचे, त्यांच्याकडून ते काम नीट करवून घेण्याचे आणि आठवडा भरताच त्यांच्या हातावर मजुरी ठेवण्याचे अंग तुझ्यात आहे काय, हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. भांडवल उसने मिळते, हे अंग उसने मिळत नाही. मात्र ते शिकता येते; आणि कोठे शिकावे म्हणाल, तर दुसऱ्यांचे धंदे कसे चालले व कसे बसले, हे डोळसपणे पाहून.

अशा पाहणीला बऱ्हाणपूरसारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, तापीच्या काठी, जळगाव जिल्ह्याची हद्द ओलांडताच हे शहर लागते. राज्य मध्य प्रदेशाचे. पण बाजारात मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा सगळ्या भाषा कानांवर पडतात. १४०० च्या सुमारास फारुकी राजांनी हे नगर वसवले आणि खुलताबादेस ज्यांचा दर्गा आहे त्या बुऱ्हानुद्दीन गरीब या संतांचे नाव त्यास दिले. पुढे मोगलांचा दक्षिणेकडील कारभार येथूनच चाले. शाहजहानची राणी मुमताज महल १६३१ मध्ये वारली ती याच गावी. प्रवासी ते राजवाडे पाहतो आणि परत जातो. आमचे लक्ष आज राजवाड्यांकडे नाही. चारशे वर्षे जे गाव कापडावर जगले, त्या गावाच्या धंद्याला वेळोवेळी धनी कसे मिळाले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या बऱ्हाणपुरास दोनदा येऊन गेला. येथे विणल्या जाणाऱ्या तलम कापडाविषयी त्याने लिहून ठेवले आहे. इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरो येथपर्यंत ते जात असे. काही कापडांत सोन्याचांदीच्या तारा विणलेल्या असत. क्षणभर विचार करा. कैरोत बसलेल्या गिऱ्हाइकाने बऱ्हाणपूरचा कोष्टी कधी पाहिलेला नाही, कोष्ट्याने कैरो ऐकलेलेही नसेल. मध्ये उंट, गलबते, दलाल आणि महिनेच्या महिने. तरीही माल जातो, पैसा येतो. एवढ्या लांबीच्या व्यवहाराला बांधून ठेवणारी दोरी कोणती? मालाची पत, दुसरी कोणती असणार!

ही पत आपोआप राहत नसे. जरीच्या धंद्यात लबाडीला वाव फार. चांदीच्या पाशावर सोन्याचा पत्रा चढवावयाचा, तो पासा जंत्रीच्या एकेका बारीक होत जाणाऱ्या भोकातून ओढून केसासारखी तार काढावयाची, ती चपटी करून रेशमावर गुंडाळावयाची. इतक्या हातांतून गेलेल्या तारेत चांदी किती आणि हीण किती, हे गिऱ्हाइकाला कळावे तरी कसे? म्हणून चांदीचे पासे कोणी कोठेही न पाडता ठरावीक जागी, देखरेखीखाली पाडावेत अशी पद्धत येथे एकोणिसाव्या शतकापर्यंत राखलेली होती. एकाने हीण मिसळले तर बट्टा सगळ्या गावाला लागेल, हे त्या जुन्या कारागिरांना व त्यांच्या मुखियांना पक्के ठाऊक होते. धंद्याच्या प्रमुखाने आपल्या लाभावर स्वतःच बांध घालून घ्यावा, ही गोष्ट बोलावयास सोपी आणि करावयास फार कठीण. शेजारचा दुकानदार हीण घालून दोन पैसे जास्त कमावीत असता आपण सचोटीने बसून राहणे म्हणजे काय, हे ज्याने धंदा केला आहे त्यालाच कळेल.

जाता जाता एक गोड उदाहरण सांगून टाकतो. बऱ्हाणपूरची माव्याची जिलेबी मुंबईसही विकली जाते आणि पाटीवर गावाचे नाव लिहिलेले असते. त्या नावाचा मालक कोणी नाही. पिढ्यानपिढ्या अनेक हलवायांनी मावा चांगला वापरला म्हणून ते नाव चालते, आणि आज एखाद्याने मैदा जास्त घातला तर तो आपल्याबरोबर सगळ्यांची पुंजी थोडी थोडी खर्च करीत असतो. असो.

त्याच सतराव्या शतकातील आणखी एक काम अजून जिवंत आहे. शहरास पाणी पुरवण्यासाठी १६१५ च्या सुमारास, सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहराकडे आणले गेले. वर जागोजागी विहिरीसारख्या कुंड्या. म्हणून कुंडी भंडारा हे नाव. मोट नाही, रहाट नाही. जमिनीच्या उतारावरच पाणी चालत येते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले. खानखाना स्वतः कवी व सेनापती. पाण्याची विद्या ही त्यांची विद्या नव्हे, ती इराणातली. मोठ्या पदावरच्या माणसाला सगळेच आले पाहिजे असे नाही. ज्याला येते त्याला शोधून आणणे, त्याचे ऐकणे आणि काम पुरे होईपर्यंत त्यामागे उभे राहणे, एवढे आले तरी पुष्कळ. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे नागपुरास गेल्यावर ते पुन्हा लागणार आहे.

आता अलीकडच्या काळात येऊ. आगगाडी आली, निमाड व खानदेशचा कापूस गाठींनी भरून मुंबईस जाऊ लागला, आणि कापूस येथलाच असता कापड येथे का होऊ नये, या विचाराने १९०६ च्या सुमारास बऱ्हाणपुरात ताप्ती मिल उभी राहिली. ज्यांनी गिरणीच्या भोंग्यावर दिवस काढले आहेत त्यांना गिरणी म्हणजे काय हे सांगावयास नको. भोंगा झाला की आई चुलीपुढून उठे, वडील डबा घेऊन निघत, आणि पगाराच्या दिवशी वाण्याची उधारी फिटे. कोरडवाहू शेतीच्या भरवशावर राहिलेल्या घरांत असा नेमाने येणारा पैसा प्रथमच आला. मुलांच्या शाळा, मुलींची लग्ने, घरावरची कौले या सगळ्यांत गिरणीचा वाटा होता. एका गिरणीच्या पाठीवर शिंपी, चहावाला, टांगेवाला, खाणावळवाली अशी कितीतरी बिऱ्हाडे चालत.

पुढे देशभरच्या कापडगिरण्यांना वाईट दिवस आले. यंत्रे जुनी झाली, नफा वाटून संपवला गेला, नवी यंत्रे घेतली गेली नाहीत. १९७४ च्या कायद्याने सरकारने १०३ आजारी गिरण्या ताब्यात घेऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे सोपविल्या, त्यांत ताप्ती मिलही गेली. त्या वेळी ते इष्टच झाले असे आम्ही म्हणू. न घेती तर गिरणी तेव्हाच मेली असती. त्यानंतरही ती साडेचार दशके चालली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे टाळेबंदी झाली, महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर ताप्ती मिलचीही चाके थांबली, आणि टाळेबंदी उठल्यावर बाजार उघडले, रेल्वे धावली, खाजगी माग खडखडू लागले, तरी गिरणी सुरू झाली नाही. कामगार दाराशी जमले, अर्ज-विनंत्या झाल्या. त्या दाराच्या आत बसलेला व्यवस्थापक काय करू शकत होता? सूत घ्यावे की नाही, पाळी सुरू करावी की नाही, हे त्याने ठरवावयाचे नव्हते. ठरवणारे दिल्लीस होते. त्यांच्यापुढे देशभरच्या वीसबावीस गिरण्यांचा एकच कागद होता, आणि त्या कागदात बऱ्हाणपूरची एक ओळ.

आम्ही कोणा व्यक्तीला दोष देत नाही. गिरणी बंद पडण्यास कापसाचे भाव, यंत्रमागांची चढाओढ, जुनी यंत्रे अशी पुष्कळ कारणे दाखवता येतील, आणि ती खोटी नाहीत. पण धंद्याचा धनी म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र तेथे उघडा पडला. ज्याला निर्णय घेता येतो तो जागेवर नाही, आणि जो जागेवर आहे त्याला निर्णय घेता येत नाही, अशी जेथे स्थिती असते तेथे प्रामाणिक आणि हुशार माणसेही हात बांधल्यासारखी बसून राहतात.

यावर कोणी म्हणेल, मालक तर पूर्वीही दूर मुंबईस असत. मग दूरपणाचाच दोष कसा? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मिळते नागपुरास. बऱ्हाणपूर आणि नागपूर ही १९५६ पर्यंत एकाच प्रांतातली शहरे. भुसावळला गाडी बदलली की वऱ्हाडच्या कापसाच्या शेतांतून सरळ नागपूर. तेथे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी कापडाची गिरणी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल पडले.

गिरणी म्हटली की ती मुंबईस काढावयाची, असा तेव्हाचा पाठ होता. जमशेटजींनी उलटा हिशेब मांडला. कापूस वऱ्हाडात पिकतो, आगगाडी नागपूरपर्यंत आलेली आहे, दगडी कोळसा वरोड्यास आहे आणि कापड घेणारा शेतकरी भोवतालीच राहतो. मग कापूस मुंबईस नेऊन कापड परत का आणावे? त्यांनी नागपुरात जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात घेतली. ती भरून काढण्यास मातीचे ढीगच्या ढीग लागले. सांगतात की, तेथल्या एका सावकाराने या कामास पैसा देण्याचे नाकारले. हा मनुष्य जमिनीत माती घालण्यासाठी पैसा ओततो आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे गिरणीचा नफा पाहून, यांनी माती घातली आणि सोने काढले, अशी कबुली त्यानेच दिली म्हणे. गोष्ट थोडी घासूनपुसून आली असेल. तथापि हिशेब खरा होता.

आम्हांला मात्र मातीसोन्याच्या गोष्टीहून दुसरीच एक निवड अधिक मोलाची वाटते. जमशेटजी राहणार मुंबईस. नागपुरात गिरणी चालवणार कोण? त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. बेझनजी होते रेल्वेच्या मालखात्यातले अधिकारी. कापडधंद्याची त्यांना काडीइतकी माहिती नव्हती. यंत्रांचे ज्ञान असलेले ब्रुक्सबी नावाचे लँकेशायरचे इंग्रज गृहस्थ वेगळे नेमलेले होते. मग सूत कशाशी खातात हे ठाऊक नसलेला माणूस गिरणीच्या प्रमुखपदी कशाला? कारण मालखात्यात माणसे, वेळ आणि हिशेब या तिन्हींना एकाच वेळी सांभाळावे लागते, आणि ते त्यांना येत होते. सूत शिकता येते, असे जमशेटजींनी ओळखले. मुख्य म्हणजे नेमल्यावर त्यांनी बेझनजींना निर्णय घेऊ दिले. मालक दूर मुंबईस असला तरी धनीपण नागपुरातच होते. खानखानांनी पाण्याची विद्या जाणणाऱ्यावर भिस्त ठेवली, तीच ही गोष्ट. फक्त पाण्याच्या जागी येथे माणसे होती.

आरंभ काही सुखाचा झाला नाही. पहिली यंत्रे स्वस्त पाहून घेतली होती, ती हलकी निघाली. सूत तुटे, कापड बाजारात मार खाई. पुष्कळ मालक अशा वेळी दोष कामगारावर ढकलतात. जमशेटजींनी यंत्रेच बदलली. भागीदारांना नफा वाटण्याआधी यंत्रांसाठी पैसा बाजूला काढण्याची शिस्त लावली. पुढे नव्या तऱ्हेच्या चात्या निघाल्या, ज्यांवर सूत अधिक वेगाने कातले जाई. लँकेशायरचे गिरणीवाले आपल्या जुन्या पद्धतीला धरून बसले असता, नागपुरात थोड्या चात्या आणून प्रथम परीक्षा घेतली गेली, आणि खात्री पटल्यावर त्या गिरणीभर बसवल्या गेल्या. थोडे आणून पारखावे आणि पटले की मागे पाहू नये, या दोन्ही गोष्टी एका माणसात असणे दुर्मीळ. पारखणारा बहुधा पारखीतच अडकतो, आणि झेप घेणारा पारखीतच नाही.

पण खरी अडचण यंत्रांची नव्हती. गिरणीत रोज पाचांतला एक कामगार गैरहजर राही. पेरणी आली, लग्न निघाले, सण आला, नुसता कंटाळा आला, की माणूस घरी. आज आपण हसू, परंतु त्या कामगाराच्या बाजूने पाहा. त्याच्या बापजाद्यांनी सूर्याकडे पाहून काम केले. भोंग्याकडे पाहून काम करावयाची त्याला सवय नाही. दंड करून, हाकलून देऊन हा प्रश्न सुटला नसता, कारण जागेवर येणारा दुसराही तसाच. एम्प्रेस मिलने वेगळी वाट धरली. काम करण्याच्या जागी हवा खेळती केली, उकाडा कमी करण्यासाठी दमट हवेची यंत्रे बसवली, आगीपासून संरक्षणाची योजना केली. कामगारांच्या कुटुंबांसाठी खेळांचे दिवस भरवले, नेमाने येणाऱ्यांना बक्षिसे ठेवली. आणि सर्वांत महत्त्वाचे, १८८६ मध्ये निवृत्तीनंतरच्या वेतनासाठी निधी काढला व १८९५ पासून अपघात झालेल्या कामगारास भरपाई देण्यास आरंभ केला. आपल्या देशात अपघातभरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ मध्ये. कायदा येण्याच्या कित्येक वर्षे आधी एका गिरणीवाल्याने हे केले, आणि त्यात तोटा न होता गिरणीची भरभराटच झाली.

आमच्या वाचकांना येथे पोप तेरावे लिओ यांचे १८९१ चे परिपत्रक आठवल्यावाचून राहणार नाही. मजुराच्या गरजेचा फायदा घेऊन त्याला पोटापुरत्याहून कमी देणे हा अन्याय आहे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. नागपूरचा निधी त्याच्या पाच वर्षे आधीचा, आणि तो काढणारे पारशी गृहस्थ. योग्य वागणूक कोठेही उगवू शकते, हे पाहून आनंदच वाटावा.

एम्प्रेस मिल तरी कोठे राहिली, असे कोणी विचारील. राहिली नाही. १९८६ मध्ये ती राज्य सरकारकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. सव्वाशे वर्षे म्हणजे चार पिढ्या. धनी चांगला असला म्हणजे धंदा अमर होतो, असे आम्ही म्हणत नाही. कोणताच धंदा तसा नसतो. चार पिढ्यांच्या चुली पेटल्या, हे मात्र आम्ही मोजतो.

आता पुन्हा बऱ्हाणपूरकडे वळू, कारण याच जिल्ह्यात आणखी एक मोठा कारखाना आहे आणि त्याची कथा दोन्ही गिरण्यांहून निराळी आहे. चांदणी स्थानकाजवळच्या जंगलात १९४७ मध्ये काही खाजगी उद्योजकांनी वर्तमानपत्रांच्या कागदाचा कारखाना काढण्याचे ठरवले. कल्पना उत्तम होती. देश स्वतंत्र होत होता, वर्तमानपत्रे वाढणार होती आणि कागद सगळा परदेशातून येत होता. सातपुड्यात बांबू होता, सालईचे लाकूड होते, तापीचे पाणी होते, बाजूने आगगाडी होती. म्हणजे जमशेटजींनी नागपुरास जो हिशेब केला होता, तोच येथेही बरोबर होता. तरी पुढे दोनच वर्षांत पैसा संपला आणि १९४९ मध्ये प्रांतिक सरकारला कारभार हाती घ्यावा लागला. १९५५ मध्ये कागद निघू लागला आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो कारखाना राष्ट्राला अर्पण केला. नेपा हे नाव त्याच्या इंग्रजी नावातल्या अक्षरांवरून आले आणि गावालाही नेपानगर असे नाव पडले. सुमारे पाव शतक वर्तमानपत्राचा कागद करणारा देशातला तो एकटाच कारखाना होता.

दूरदृष्टी हा धंद्याच्या प्रमुखाचा पहिला गुण, असे सगळीकडे लिहिलेले असते. ते वाचताना आम्हांला नेपानगर आठवते. दृष्टी होती; वाटेतला खर्च मोजलेला नव्हता. कागदाचा कारखाना उभा राहण्यास वर्षे लागतात, त्या वर्षांत एक पैही येत नाही आणि पगार मात्र द्यावेच लागतात. बुरूज बांधावयास निघालेल्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, ही गोष्ट आपण मंदिरात लहानपणापासून ऐकली आहे. तिचा व्यवहारातला अर्थ असा की, मिळकत सुरू होण्यापूर्वीचे दिवस मोजावेत आणि त्यांवर आणखी तितकेच धरावेत.

पुढे नेपा मिललाही उतरती कळा लागली. जंगल कमी झाले, बांबू-सालईऐवजी रद्दी कागद वापरावा लागला, यंत्रे जुनी झाली, परदेशी कागद स्वस्त येऊ लागला. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबवण्यात आले. काम लांबत गेले, आणि हा कारखाना पुन्हा कधी सुरू होईल यावर गावातल्या फार थोड्यांचा विश्वास उरला होता. तरी २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा सुरू झाला. सरकारी कारखाना म्हणजे बुडालाच, असे जे सरसकट बोलले जाते ते त्यामुळे आम्हांला पटत नाही. मालकी सरकारची की शेटजींची, यापेक्षा आज सकाळी बिघडलेला रूळ बदलण्याची परवानगी कोण आणि किती वेळात देतो, हे विचारावे.

आमच्या वाचकांपैकी फार थोडे गिरणी काढणार आहेत. बहुतेकांपुढचा प्रश्न लहान आहे, आणि लहान असल्यामुळेच अधिक अवघड. बऱ्हाणपूर शहरात आज हजारो यंत्रमाग चालतात. गल्लीत शिरले की खडखडाट पायांखालून जाणवतो. चार, आठ, बारा माग असलेला धनी बहुधा स्वतःच एक माग चालवतो, भाऊ दुसरा, आणि घरातल्या बायका कांड्या भरतात. पुष्कळांचे सूत स्वतःचे नसते. व्यापारी सूत देतो, कापड विणून घेतो आणि मीटरमागे मजुरी देतो. अशा धन्यापाशी कसले आले आहे नेतृत्व, असे वाटेल. पण पाहा, तोच सगळ्यांत उघडा आहे. वीज गेली, सुताचा भाव चढला, व्यापाऱ्याने कापडात डाग काढून मजुरी कापली, तरी शनिवारी कारागीर दाराशी उभा राहतोच.

त्याला सर्वांत आधी लागते ती वही. मीटरमागे मजुरी किती मिळाली हे सगळ्यांना तोंडपाठ असते; पण विजेचे बिल, तुटलेले धोटे, मागाची झीज, डागी कापडाची कपात आणि घरच्या बायकांनी भरलेल्या कांड्यांची मजुरी हे सगळे वजा करून काय उरते, हे फार थोडे मांडतात. बायकांची मजुरी तर कोणीच मांडीत नाही, आणि म्हणून तोट्यातला धंदा वर्षानुवर्षे फायद्यात दिसतो. आम्ही तर म्हणतो, ती वही त्यांच्याच हाती द्यावी. घराचा खर्च ज्या हातांनी पै-पै करून चालवला, ते हात हिशेबात चुकत नाहीत.

दुसरी वस्तू म्हणजे नाही म्हणण्याची ताकद. एका व्यापाऱ्याकडून उचल घेतली की पुढे तोच भाव ठरवतो. या बाबतीत बऱ्हाणपूरच्या बोहरा व्यापाऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. त्यांच्या समाजात गरजू भावाला बिनव्याजी कर्ज देण्याची जुनी चाल आहे, आणि नवा माणूस त्यावर उभा राहू शकतो. आमच्या गावांतून पतपेढ्या आहेत, बचतगट आहेत. तेथून घेतलेले कर्ज फेडावे लागते. पण ते फेडल्यावर माणूस मोकळा होतो.

आणि कारागिराशी बोलणे. दूर कोठे अधिक मजुरी मिळते म्हणून तो निघून जाईल, ही भीती प्रत्येक मागवाल्याला असते. तो जातो तेव्हा पैशासाठी जातोच, परंतु त्याचे मूल आजारी असताना धन्याने विचारपूस केली होती की नाही, हेही तो बरोबर घेऊन जातो. बारा माग असलेल्या मालकाला यासाठी कसल्याही निधीची गरज नाही. तो जागेवरच असतो. त्याने फक्त मान वर करून पाहावयाचे आहे.

शहराबाहेर पडले की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात, रावेरच्या बागांना जाऊन मिळणाऱ्या. अलीकडे या जिल्ह्याची ओळख कापडाबरोबर केळीनेही होते. बचतगटांतील बाया वेफर करतात, खोडाच्या धाग्याच्या वस्तू करतात. या धंद्यात वाट पाहण्याची सोयच नाही. घड भरला की तीनचार दिवसांत उतरला पाहिजे. पहाटे दूरच्या बाजाराचा भाव कळतो, तो कालच्यापेक्षा कमी असतो. आज कापावे की परवापर्यंत थांबावे, मजूर किती बोलवावेत, ट्रक एक की दोन, हे उजाडण्याच्या आत ठरवावे लागते. चुकले तर माल पिकून काळा पडतो आणि कोणाकडे दादही मागता येत नाही. ठरवणारा, मजुरांना हाक मारणारा आणि नुकसान झाले तर सोसणारा माणूस त्या वेळी बांधावर उभा असतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी तो माणूस म्हणजे घरची सूनच असते, हातात मोबाईल आणि काखेत वही.